आधीच जळून बसलेला धागा

काडेपेटीतली काडी फुंकून विझवली की तिचं टोक लगेच काळं पडतं, निखारा धुमसत राहत नाही. तेवढीच बारीक काटकी पेटवून विझवली तर टोकाशी लाल ठिपका बराच वेळ जिवंत असतो, आणि तो वाळल्या गवतात पडला तर आग पुन्हा सुरू. काडीचं लाकूड काही वेगळं नसतं. गुल लावण्याआधी काड्या अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून वाळवतात, फरक तेवढाच.

विमानाचा पंख, युद्धनौकेचे वरचे मजले, जुन्या इमारतीच्या खांबाभोवती गुंडाळलेलं काळं कापड. कार्बन फायबरच्या या वस्तूंना आग लागली तर त्या किती वेळ तग धरतात आणि विझल्यावर त्यांच्यात किती ताकद उरते, हा प्रश्न विमानांच्या काळातला समजला जातो. त्याचा मागोवाही बहुतेक जण विमानापासूनच घेतात. मला ती सुरुवात फार उशिराची वाटते. या वस्तूचं मूळ त्या भिजवलेल्या काडीत आहे, आणि बदलापूरच्या कात्रपला राहणाऱ्या माणसाला ते शोधायला लांब जावं लागत नाही. अंबरनाथ, शहाड आणि पुन्हा अंबरनाथ, सगळं लोकलच्या एका पासात बसतं.

काडीच्याही आधी नाटकगृहाचा पडदा होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसची नाटकगृहं उघड्या दिव्यांवर चालत आणि वरचेवर जळत. अठराव्या लुईच्या राजवटीत गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाकडे पडद्यांचं काम आलं. अमोनियमचे क्षार आणि टाकणखार यांच्या मिश्रणात कापड भिजवलं तर ते पेट घेत नाही, असं त्याने १८२१ साली दाखवलं. त्या क्षारांत अमोनियम फॉस्फेट मुख्य होतं.

त्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लाकूड, कापूस, ताग यांचा मुख्य ऐवज सेल्युलोज. ते तापलं की फुटतं आणि त्यातून पेटणारे वायू निघतात. आपण जी ज्वाला बघतो ती लाकडाची नसते, या वायूंची असते. फॉस्फेट तापलं की त्याचं फॉस्फरिक आम्ल होतं. ते सेल्युलोजमधलं पाणी ओढून घेतं, आणि वायू बनून उडून जायच्या आत बराचसा कार्बन कोळसा होऊन जागच्या जागी बसतो. ज्वालेचं इंधन कमी होतं आणि कोळशाचा थर आतल्या भागाला आडोसा देतो. म्हणजे आगीला तोंड देण्याचा हा मार्ग न जळण्याचा नाही. लवकर, कमी उष्णतेत आणि नीट कोळसा होण्याचा आहे.

अंबरनाथला ही रसायनविद्या स्वीडनमार्गे आली. पेटीच्या बाजूला लाल फॉस्फरस लावलेली सुरक्षित काडेपेटी १८५५च्या सुमारास योनशोपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी बाजारात रुळवली. पुढे इव्हार क्रूगरने स्वीडिश मॅच ही कंपनी उभी करून जगभरचा काडेपेट्यांचा धंदा मुठीत आणला. १९२२ साली सरकारने आयात काडेपेट्यांवर जबर जकात बसवली, तेव्हा कंपनीने इथेच कारखाने घातले. १९२३ची वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, ती हीच. अंबरनाथचा कारखाना तिच्या पहिल्या कारखान्यांपैकी. कारखाना गेला, पण रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ सांगितलं की तो अजून बरोबर सोडतो. शिलाहारांचं शिवमंदिर सोडलं तर अंबरनाथची ओळख कितीतरी वर्षं काडेपेटी हीच होती. आग लावायच्या वस्तूच्या कारखान्यात आग कुठे थांबवायची याचा इतका विचार होतो, हे त्या वस्तूकडे बघून लक्षात येत नाही.

आता तंतूकडे. सेल्युलोजच्या धाग्याचा मुद्दाम कोळसा करायचा, आणि तो करताना धागा तुटू द्यायचा नाही, हा खटाटोप एडिसनने दिव्यासाठी केला. १८८०च्या सुमारास त्याने जपानमधल्या क्योटोजवळच्या बांबूची कांब भाजून तिचा कार्बन केला आणि निर्वात काचेत पेटवला. काच निर्वातच हवी, कारण कार्बन हवेत तापवला तर तो जळतो. कार्बन फायबर ‘आगीत काही होत नाही’ असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याला एडिसनचा बल्ब हे जुनं उत्तर आहे. हवा नसेल तर कार्बन दोन हजार अंशांच्या वरही ताकद टिकवतो. हवा असेल तर चार-पाचशे अंशांपासूनच झिजायला लागतो.

टंगस्टन आलं आणि कार्बनची तार विस्मरणात गेली. तिला पुन्हा वर काढलं ते १९५८-५९मध्ये, अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळांनी. (हो, भोपाळची तीच.) रॉजर बेकन या भौतिकशास्त्रज्ञाने तिथे ग्रॅफाइटचे केसासारखे बारीक, विलक्षण बळकट तंतू बनवून दाखवले आणि त्याच सुमारास कंपनीने रेयॉनचा धागा भाजून कार्बनचं कापड तयार केलं. रेयॉन म्हणजे लाकडाचा लगदा विरघळवून पुन्हा धाग्याच्या रूपात ओढलेलं सेल्युलोज. आपल्याकडे हा धागा शहाडला निघतो. तिथली सेंच्युरी रेयॉन १९५६ची आणि शेजारच्या मोहन्याची नॅशनल रेयॉन तिच्याही आधीची. उल्हासनगर-कल्याणच्या किती घरांच्या चुली या दोन भोंग्यांवर चालल्या, तो वेगळा लेख होईल. इथे सांगायचं ते एवढंच की साडीला चमक देणारा हा धागा आणि रॉकेटच्या शेपटीतलं काळं कापड, दोघांची जात एकच.

रेयॉनमध्ये वजनाने सुमारे ४४ टक्के कार्बन असतो, पण साध्या रीतीने भाजलं तर हाती त्याच्या निम्माही लागणं कठीण, बाकीचा वायू बनून जातो. मग हाती जास्त कार्बन उरावा म्हणून काय करायचं? धागा भाजण्याआधी फॉस्फेटच्या पाण्यात भिजवायचा. पडद्याला आणि काडीला जे केलं तेच.

या धाग्याला पर्याय सापडणं किती अवघड, ते अमेरिकेला १९८८-८९मध्ये कळलं. अवकाश शटलच्या बूस्टरच्या नॉझलला आतून जो कार्बन-फिनॉलिकचा थर असायचा, त्याच्यासाठीचं रेयॉन व्हर्जिनियातली ॲव्हटेक्स ही एकच गिरणी पुरवत होती. ती डबघाईला आली. नासा आणि संरक्षण खात्याने पैसे ओतून ती पुरेसा साठा होईपर्यंत चालू ठेवली, आणि १९८९च्या अखेरीस ती बंद पडलीच. आपल्या पीएसएलव्हीच्या नॉझलमध्येही कार्बन-फिनॉलिक असतं. १९८९च्या मे महिन्यात पहिल्यांदा उडालेल्या ‘अग्नी’च्या नाकाचा टोपही कार्बनचाच. हे थर टिकतात ते झिजत झिजत. रेझिन जळून कोळसा होतं, कोळसा थोडा थोडा उडून जातो, आणि मागचा धातू वाचतो. फिनॉलिक म्हणजे बेकेलाइटचीच जात, कुकरच्या मुठीची. ती मूठ गॅसवर करपते, पण वितळून ओघळत नाही.

विमानांपर्यंत पोचलेला तंतू मात्र रेयॉनचा नाही, ॲक्रिलिकचा. त्याच्या जन्मातही आग आहेच. ड्युपाँट कंपनीच्या हाउट्झने १९५०मध्ये नोंदवलं की ऑरलॉन हा ॲक्रिलिक धागा हवेत दोनशे अंशांच्या आसपास बराच वेळ तापवला तर तो काळा पडतो आणि मग ज्वालेत धरला तरी पेटत नाही. म्हणजे आधी हाती आलं ते अग्निरोधक कापड. ओसाकाच्या अकिओ शिंदोने १९६१च्या सुमारास ही वाट पुढे नेली आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोला विल्यम वॅट यांच्या गटाने तंतू ताणून धरत भाजायची रीत बसवली. आजही कारखान्यात तोच क्रम आहे. आधी हवेत २०० ते ३०० अंशांवर धागा ‘पक्का’ करायचा, मग नायट्रोजनमध्ये हजाराच्या वर न्यायचा. जे जळून जायचं ते कारखान्यातच जळून गेलेलं असतं.

मग अडतं कुठे? अडतं डिंकात. कार्बन फायबर एकटं कुणी वापरत नाही. ते इपॉक्सी किंवा व्हिनाइल एस्टरसारख्या रेझिनमध्ये बसवलेलं असतं, आणि या जोडीचं, म्हणजे कॉम्पोझिटचं, आगीतलं वागणं खराट्याच्या हिरांवरून समजतं. हीर ओढून तोडायचा तर जोर लागतो, बांध ढिला असो वा घट्ट. पण खराटा उभा टेकून वरून दाबला तर सगळी भिस्त बांधावर. बांध सुटला की हीर फाकतात आणि वाकतात. कॉम्पोझिटमधला बांध म्हणजे रेझिन. विमानात वापरतात ते इपॉक्सी दीड-दोनशे अंशांच्या आत मऊ पडायला लागतं आणि ३०० ते ४००च्या दरम्यान फुटून वायू होतं. तंतूला तोवर काहीच झालेलं नसतं. म्हणून ताण सोसणारा भाग आगीत बराच वेळ धरून राहतो आणि दाब सोसणारा भाग काही मिनिटांत बसतो, कधी कधी पेट घेण्याआधीच. इमारतीत, जहाजात, विमानात दाब कुठे ना कुठे असतोच. ‘आगीत ताकद किती उरते’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मागणाऱ्याने आधी ओढायचं की दाबायचं, ते सांगायला हवं.

एक गमतीचा अध्याय सत्तरच्या दशकातला. तंतू आगीत टिकतो याचीच तेव्हा भीती वाटू लागली. विमान कोसळून रेझिन जळून गेलं की सुटे तंतू धुराबरोबर उडतील, आणि ते वीजवाहक असल्यामुळे गावातली विजेची यंत्रं, दूरध्वनी केंद्रं शॉर्ट होतील, असा तो तर्क होता. अमेरिकी सरकारने नासाकडून त्याचा रीतसर अभ्यास करवून घेतला. १९८०च्या सुमारास निष्कर्ष आला की नागरी विमानांच्या बाबतीत हा धोका नगण्य आहे. पण कल्पना वाया गेली नाही. १९९१च्या आखाती युद्धात इराकची वीजकेंद्रं बंद पाडायला अमेरिकेने कार्बनचे तंतूच टाकले.

जहाजांवर मात्र मामला गंभीर होता. नोव्हेंबर १९७५मध्ये सिसिलीजवळ ‘बेल्कनॅप’ ही अमेरिकी क्रूझर स्वतःच्याच विमानवाहू नौकेवर आदळली, आग लागली आणि तिचे ॲल्युमिनियमचे वरचे मजले वितळून बसले. त्यानंतर अमेरिकी नौदलाने नव्या विनाशिकांच्या वरच्या मजल्यांसाठी पोलाद पुन्हा जवळ केलं. पण पोलाद जड, आणि जड वस्तू उंचावर नेली की जहाज डोलतं. म्हणून कॉम्पोझिट आलं. नोव्हेंबर २००२मध्ये नॉर्वेची ‘ऑर्क्ला’ ही काचतंतूंच्या सँडविचची, सुरुंग साफ करणारी नौका आग लागून जळाली, उलटली आणि बुडाली. सँडविच म्हणजे दोन पातळ कवचांच्या मधे फोम, आणि तापलेलं कवच फोमपासून सुटलं की उरलेल्याला उभं राहायला काही उरत नाही. स्वीडन तरीही मागे हटला नाही. त्यांच्या ‘व्हिस्बी’ वर्गाच्या कॉर्व्हेट संपूर्ण कार्बन फायबर सँडविचच्या आहेत.

आपली ‘आयएनएस किल्तान’ १६ ऑक्टोबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. कार्बन फायबर कॉम्पोझिटचे वरचे मजले असलेली आपली ती पहिली मोठी युद्धनौका. पाठोपाठ २०२०मध्ये ‘कवरत्ती’ आली. दोघी कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेल्या, पण वरचे मजले स्वीडनच्या कोकम्सकडून आलेले. अंबरनाथला काडेपेटी आणणारा देश तो हाच, याची नोंद दोन्ही कारखान्यांच्या हिशेबात कुठेच नसेल. अमेरिकेने ‘झुमवॉल्ट’ वर्गाच्या पहिल्या दोन विनाशिकांना कॉम्पोझिटचा मजला दिला आणि तिसरीला पुन्हा पोलादाचा. मला हा डळमळीतपणा प्रामाणिक वाटतो.

नौदलाच्या साहित्याचं संशोधन आपल्या दारातच चालतं. कात्रपच्या पेट्रोल पंपावरून काटईच्या दिशेने निघालं की अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीच्या बाजूला डीआरडीओची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी लागते. १९५३मध्ये मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात सुरू झालेली ही प्रयोगशाळा पुढे इथे आली. नौदलाचे रंग, रबर, धातू, पॉलिमर, कॉम्पोझिट हे तिचे विषय, आणि आगीत फुगणारे लेप हे त्यातलंच एक काम. लेपात काय असतं? कोळसा होईल असा एक पदार्थ, फुगवायला वायू सोडणारा एक, आणि त्यांना कामाला लावणारं आम्ल पुरवायला अमोनियम पॉलिफॉस्फेट. ज्वाला लागली की लेप मूळ जाडीच्या कित्येक पट फुगून कोळशाची भुसभुशीत गादी करतो. विम्को नाक्यापासून जेमतेम काही किलोमीटरवर तेच फॉस्फरस आणि तोच कोळसा. याच प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी जो इंधनघट घडवला आणि ज्याची जमिनीवरची चाचणी मार्च २०२१मध्ये पार पडली, तोही फॉस्फरिक आम्लाचा आहे. त्याची जात वेगळी, पण अंबरनाथचा फॉस्फरस सुटत नाही हे खरं.

विमानांबद्दल थोडक्यातच. १२ जुलै २०१३ला हीथ्रोवर उभ्या असलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या रिकाम्या ७८७ विमानाच्या छतात एका उपकरणाच्या बॅटरीने पेट घेतला आणि कवचातलं रेझिन स्वतःच संथपणे जळत राहिलं. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा धावपट्टीवर जपान एअरलाइन्सचं ए-३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले, शेवटचा माणूस उतरेपर्यंत सुमारे अठरा मिनिटं गेली. विमान नंतर कित्येक तास जळत राहिलं आणि त्याची राख झाली. या दोन्हींतून एकाच वेळी ‘कार्बन विमान सुरक्षित’ आणि ‘कार्बन विमान जळतं’ असे मथळे निघाले. दोन्ही खरे होते. वरचे थर जळून रेझिनविना तंतूंची गोधडी उरते, ती उष्णता काही काळ अडवते, आणि तो काळ माणसं उतरवायला पुरला. विमान वाचवायला पुरण्याचं कारण नव्हतं.

आग विझल्यावरचा हिशेबही याच थरांचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या मौरित्झ आणि मॅथिस यांनी २०००च्या आसपास तो अगदी साधा करून मांडला. जळलेल्या कॉम्पोझिटचा छेद घ्या. जेवढी जाडी काळी पडली तिची ताकद शून्य धरा, खाली जी शाबूत आहे तिची पूर्ण धरा, आणि बेरीज करा. दिसायला हे ढोबळ वाटतं, पण चाचण्यांशी चांगलं जुळतं. मात्र हा हिशेब थंड झाल्यानंतरचा. आग चालू असताना कोळशाच्या खालचा भाग दिसायला शाबूत आणि आतून मऊ असतो. ज्याची विझल्यावर निम्मी ताकद उरलेली आढळते, तो तुकडा पेटलेला असताना त्याहून कितीतरी कमकुवत असू शकतो. अपघातानंतरच्या अवशेषांवरून ‘एवढं तर टिकलं होतं’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि आता हा धागा विमानातून, जहाजातून उतरून आपल्या जिन्याखाली आला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत, आणि आता आमच्याकडेही, ‘कार्बन रॅपिंग’ ऐकू येतं. गंजलेल्या सळयांचा खांब साफ करून त्याच्याभोवती कार्बनचं कापड इपॉक्सीने चिकटवतात. काम चांगलं आहे. खांब जाड होत नाही, जागा जात नाही, आणि आवळून धरलेलं काँक्रीट जास्त दाब सोसतं. पण जागेवर हाताने लावलेलं हे इपॉक्सी विमानातल्यासारखं भट्टीत पिकवलेलं नसतं. ते साधारण ६० ते ८२ अंशांनाच मऊ पडायला लागतं. पार्किंगमध्ये स्कूटर पेटली तरी खांबाजवळचं तापमान या आकड्याच्या फार पुढे जातं.

म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शक नियमात कडक अट आहे. आगीच्या हिशेबात या गुंडाळीची ताकद साधारणपणे धरायची नाही, आणि गुंडाळी गेली असं समजूनही मूळ खांबाने इमारतीचं नेहमीचं वजन पेललं पाहिजे. पेलत नसेल तर रॅपिंग हा त्या खांबाचा इलाज नव्हे. त्याला आधी नवीन सळया आणि नवीन काँक्रीट लागतं. सोसायटीच्या सभेत कोटेशन वाचताना चौरस फुटाचा दर सगळे विचारतात. कापड नसताना खांब किती पेलतो, हे स्ट्रक्चरल ऑडिटवाल्याला कुणी विचारताना मी तरी पाहिलेलं नाही.

कंत्राटदार वरून अग्निरोधक रंग मारून देतो म्हणतो, तेव्हा त्याला रंगाचा जागा होण्याचा आकडा विचारावा. फुगणारा लेप साधारण दोनशे अंशांच्या पुढे फुगायला लागतो आणि खालचं इपॉक्सी त्याच्या कितीतरी आधी सुटलेलं असतं. तो लेप, किंवा जिप्सम-व्हर्मिक्युलाइटचा जाड गिलावा, गुंडाळीला वाचवत नाही. तो वाचवतो आतल्या काँक्रीटला आणि सळयांना. कॅनडात २०००नंतर झालेल्या चाचण्यांत असा गिलावा केलेले, गुंडाळलेले खांब वजनाखाली भट्टीत चार तासांहून जास्त उभे राहिले. गिलाव्याखालचं इपॉक्सी मात्र त्याच्या कितीतरी आधीच कामातून गेलेलं होतं.